तात्पुरतं म्हणून बांधलेलं घर

मैसूरहून मडिकेरीच्या रस्त्याला लागलं, की हुणसूर आणि पिरियापट्टण मागे टाकून साधारण ८० किलोमीटरवर बैलकुप्पे येतं. पुढे कावेरी ओलांडली की कुशालनगर, म्हणजे कोडगू जिल्हा. मराठी पर्यटकाला हे गाव माहीत असतं ते कूर्गच्या सहलीतल्या सुवर्णमंदिरामुळे. नामद्रोलिंग मठातल्या तीन भव्य सोनेरी मूर्ती पाहायच्या, फोटो काढायचे, बाहेर मोमो खायचे आणि गाडी मडिकेरीकडे वळवायची, असा दीड-दोन तासांचा कार्यक्रम ठरलेला असतो. त्या वाटेवर मक्याच्या शेतांच्या कडेनं मंगलोरी कौलांची बुटकी घरं लागतात. ती बघायला कुणी गाडी थांबवत नाही, आणि थांबवावी असं त्यांच्यात काही नाहीही. हे पुस्तक त्या घरांबद्दल आहे. नेमकं सांगायचं तर इथल्या तिबेटी निर्वासितांच्या जुन्या कॅम्पातल्या एका घराबद्दल.

साठ-पासष्ट वर्षांच्या घराला जुनं म्हटलेलं ऐकून वाईचा किंवा सावंतवाडीचा माणूस हसेल. पण बैलकुप्प्याच्या या वसाहतीत याहून जुनं घर असूच शकत नाही. त्याआधी इथे जंगल होतं. शिवाय ज्यांनी ही घरं बांधली ते मुक्कामाला आलेलेच नव्हते. दोन-चार वर्षांत परत ल्हासाला, खामला, त्सांगला जायचं, तोवर डोक्यावर छप्पर हवं, एवढ्याचसाठी त्यांनी विटा वाहिल्या. जे घर टिकावं अशी बांधणाऱ्याचीच इच्छा नव्हती त्याचा इतिहास लिहायचा कसा, हा या पुस्तकापुढचा प्रश्न आहे. त्याला हाताशी फारशी तयार रीत नाही. ज्या रीती आहेत त्या काय देतात आणि कुठे अपुऱ्या पडतात, हे आधी पाहायला हवं.

मराठीत घराचा इतिहास म्हणजे मुख्यतः घरातल्या कागदांचा इतिहास. वि. का. राजवाडे गावोगावचे वाडे धुंडाळत हिंडले. माळ्यावरच्या पेट्या, उधईनं खाल्लेले रुमाल, वाण्याकडे रद्दीत निघालेली दप्तरं, यांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’ उभी राहिली. पहिला खंड १८९८चा, एकूण खंड २२. नाना फडणविसांचं मेणवलीचं दप्तर, गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडून काढलेले ४५ भाग, हे सगळं याच वळणाचं काम. त्याला समांतर कुलवृत्तांतांची परंपरा चालली. मूळ गाव, गोत्र, कोण कुठे स्थायिक झालं, कुणाला किती मुलं झाली. या दोन्ही प्रकारच्या लेखनाचे आपल्यावर उपकार आहेत, पण दोन्हीत वाडा हा कागद ठेवायचं कपाट आहे. कागद बाहेर काढून झाले आणि वाडे पडायला मोकळे झाले. ओटी कधी बुजवली, माजघराला खिडकी केव्हा पडली, विधवा आत्या कुठल्या खोलीत झोपायची, या गोष्टी टिपून ठेवाव्यात असं फार थोड्यांना वाटलं. त्या आपल्याला कादंबऱ्यांतून कळतात, इतिहासातून नाही.

दक्षिणेत हे काम वेगळ्या अंगानं झालं आहे, आणि बैलकुप्प्याच्या अगदी शेजारीच त्याचा उत्तम नमुना आहे. कावेरीपलीकडे कोडवांची ऐनमने आहेत. ऐनमने म्हणजे एका ओक्काचं, एका कुळाचं मूळ घर. भातखाचरांच्या वरच्या अंगाला उंचवट्यावर ते उभं असतं. ओसरीच्या खांबांमध्ये बसायला जाड फळी, आयमर. आतल्या दालनात कुळाचा दिवा. अंगणाजवळ पूर्वजांचं छोटं देऊळ, कैमड. कुळातली माणसं बंगळूरला असोत की दुबईला, सणाला आणि कुळाच्या कार्याला इथे येतात. बोवेरियंडा नंजम्मा आणि चिण्णप्पा या दांपत्यानं अशा शेकडो घरांच्या दारात जाऊन त्यांची नोंद केली. मोजमाप, नावं आणि सांगोवांगी एकत्र ठेवण्याची त्यांची पद्धत मला फार मोलाची वाटते. केरळातल्या नालुकेट्टूंवर वास्तुविद्येच्या बाजूनं लिहिलं गेलं आणि कायद्याच्या बाजूनंही, कारण १९७५च्या कायद्यानं एकत्र कुटुंबाची मालकीच संपवली आणि चौकांच्या घरांच्या वाटण्या झाल्या. चेट्टिनाडच्या हवेल्या ब्रह्मदेशातल्या सागवानाच्या आणि सावकारीच्या पैशाच्या. दुसऱ्या महायुद्धात तो व्यापार बुडाला आणि हवेल्यांना कुलपं लागली. चेन्नईजवळच्या ‘दक्षिणचित्र’ संग्रहालयात १९९६पासून अशी काही घरं मुळातून उतरवून पुन्हा उभी केलेली पाहायला मिळतात.

या सगळ्या घरांत एक गोष्ट समान आहे. घर आधी, माणसं नंतर. घर कुळाचं, जमीन कुळाची, आणि कथा सांगणारा वारस. बैलकुप्प्यात यातलं काहीच लागू पडत नाही.

जगात या विषयाची सर्वांत मोठी हौस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गावांत आहे. तिथे एखादं जुनं घर घेतलेला माणूस कचेरीत जाऊन खरेदीखतांची साखळी मागे मागे नेतो आणि शेवटी दारावर सालाची पाटी लावतो. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरानं १९३१मध्ये जुन्या वस्तीच्या जतनाचा नियमच केला. त्या देशातला तो पहिला. या हौशीत एक मोठं भगदाड होतं. पुढच्या खांबांच्या ओसरीचा इतिहास लिहिला जाई, मागच्या खोपटांत राहणाऱ्या गुलामांचा नाही. जोसेफ मॅकगिल यांनी २०१०मध्ये अशा खोपटांत रात्री मुक्काम करायला सुरुवात केली, लोकांनाही बोलावलं, आणि खरेदीखतात ज्यांची नोंद मालमत्ता म्हणून झाली त्यांचं घर कोणतं, हा प्रश्न उघड्यावर आणला. आपल्या विषयाला यातून एवढं घेता येतं, की मालकीच्या कागदावरून घराचा इतिहास लिहिला तर ज्यांच्या नावावर काही नाही ते त्यातून गळतात. बैलकुप्प्यात तर सगळेच गळतील.

आणखी एक धागा मानववंशशास्त्राचा. पिएर बुर्द्यू यांचा अल्जेरियातल्या कबाईल घरावरचा निबंध १९७०मध्ये आला आणि गाजला. चूल, माग, गोठा, उंबरा यांच्या मांडणीतून एका समाजाची सगळी रचना त्यात उलगडते. पण त्यांचं त्याआधीचं, अब्देलमालेक सयाद यांच्याबरोबर लिहिलेलं १९६४चं पुस्तक आमच्या जास्त कामाचं आहे. फ्रेंच लष्करानं गावं उठवून शेतकऱ्यांना छावण्यांत सरळ रेषेतल्या घरांत बसवलं, तेव्हा त्यांच्या जगण्याची घडी कशी मोडली, याचा तो अभ्यास आहे. रांगेतलं घर आणि मनातलं घर यांचं जमत नाही, हे त्यात पानोपानी दिसतं. तिबेटी घरांबद्दल म्हणाल, तर खुद्द ल्हासातली जुनी घरं पाडली जात असताना नव्वदच्या दशकात काही युरोपीय वास्तुविदांनी त्यांचे बारकाईनं नकाशे काढले. निर्वासितांच्या घरांचे तसे नकाशे काढावेत असं कुणाला वाटलं नाही. बैलकुप्प्यावर मेल्विन गोल्डस्टीन यांनी साठच्या दशकातच काम केलं, पण त्यांचा प्रश्न वसाहतीच्या कारभाराचा आणि शेजारच्या समाजाशी असलेल्या संबंधांचा होता. त्यानंतरचं बरंचसं लेखन मठ, राजकारण आणि अस्मिता यांभोवती फिरतं. साधं घर राहून गेलं.

आता वसाहतीची हकिकत. मार्च १९५९मध्ये दलाई लामा ल्हासा सोडून भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो माणसं हिमालय उतरली. आसामात मिसामारीला आणि बंगालच्या उत्तर टोकाला बक्सा इथे छावण्या पडल्या. अनेकांना डोंगरी रस्त्यांच्या कामावर पाठवलं. उष्म्यानं, क्षयानं आणि दरडींनी माणसं मरत होती. नेहरूंनी राज्यांकडे जमिनीची विचारणा केली, त्याला मैसूर राज्यानं पिरियापट्टण तालुक्यातलं सुमारे ३,००० एकर जंगल देऊन प्रतिसाद दिला. १९६०-६१च्या हिवाळ्यात पहिल्या तुकड्या आल्या. वसाहतीचं नाव पडलं लुगसुंग सामदुपलिंग. ते मराठी जिभेला जड जातं, आणि तिथलेही बोलताना ‘ओल्ड कॅम्प’च म्हणतात, कारण १९६९मध्ये शेजारी डिकी लारसो ही दुसरी वसाहत झाली.

जंगल तोडायचं होतं. दिवसा झाडं तोडायची, जाळायची, रात्री हत्ती येणार म्हणून डबे वाजवत जागायचं. राहायला बांबूचे आणि कापडाचे तंबू. सातू इथे पिकेना, मका पिकला. कौलारू विटांची घरं त्यानंतरची, सरकारच्या आणि परदेशी संस्थांच्या मदतीनं उभी राहिलेली. पुढच्या तुकड्यांच्या पुनर्वसनासाठी १९६८मध्ये ‘मायराडा’ ही संस्था निघाली. आज ती कर्नाटकात ग्रामीण विकासाच्या कामासाठी ओळखली जाते, तिचा जन्म या कामातला आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. नामद्रोलिंग मठाची सुरुवातही १९६३मध्ये बांबूच्या देवळानं झाली. सोनेरी मूर्तींचं मंदिर १९९९चं. ल्हासाजवळचा १४१९चा सेरा मठ बक्साच्या छावणीत तग धरून राहिलेल्या भिक्षूंबरोबर सत्तरच्या सुमारास इथे आला. मठ मोठे होत गेले आणि घरं त्यांच्या सावलीत गेली.

मराठी वाचकाला हे फार परकं वाटू नये. उल्हासनगरला आजही ‘कॅम्प नंबर पाच’ असंच पत्त्यात लिहितात. फाळणीनंतर लष्करी बराकींत उतरलेल्या सिंध्यांचं ते गाव १९४९मध्ये नाव घेऊन उभं राहिलं आणि बराकींच्या जागी इमारती आल्या. बैलकुप्प्यात पहिली झाडं पडत होती त्याच वर्षी, १२ जुलै १९६१ला, पानशेत फुटलं. पुण्यातले पूरग्रस्त गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा नव्या वसाहतींत गेले. तीही तात्पुरती सोय होती, तिथेही नातवंडं झाली, आणि आता पुनर्विकासाच्या बैठका चालू आहेत. तिबेटी वसाहत तर महाराष्ट्रातच एक आहे, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला, १९७२पासून. नागपूरकरांनाही ती फारशी माहीत नसते. दरवर्षी थंडीत आपल्या शहरांत स्वेटर विकायला येणारी ही माणसं, त्यांना आपण पिढ्यान् पिढ्या ‘नेपाळी स्वेटरवाले’ म्हणत आलो. त्यांतल्या कित्येकांची घरं या कौलांखाली आहेत.

उल्हासनगरच्या सिंध्याला पुढे आपल्या जागेची सनद मागता आली. बैलकुप्प्याच्या घराखालची जमीन मात्र सरकारची, भाडेपट्ट्यावरची. ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. म्हणून इथे सातबारा नाही, खरेदीखत नाही, वाटणीपत्र नाही, राजवाड्यांची पद्धत इथे लागू करायला दप्तरच नाही. उरतं ते घर स्वतः आणि त्यात राहिलेल्यांचं बोलणं. या पुस्तकाचा सगळा भरवसा एका गृहीतकावर आहे. तात्पुरत्या घराचा इतिहास त्याच्या बांधकामात थोडा आणि त्यात नंतर केलेल्या फेरफारांत जास्त सापडतो.

उदाहरणासाठी छपरापासून सुरुवात करू. मूळ तिबेटी घराचं छप्पर सपाट. पाऊस कमी, म्हणून गच्चीवर गवत वाळवायचं, धान्य पसरायचं, सणाला चढून पताका बदलायच्या. बैलकुप्प्यात जूनपासून पाऊस, म्हणून उतरतं छप्पर आणि मंगलोरी कौलं. ही कौलं जर्मन मिशनऱ्यांनी १८६५मध्ये मंगळूरला काढलेल्या कारखान्याची देणगी. कोकणातल्या निम्म्या घरांवर हीच. कौल उलटं केलं की कारखान्याचा ठसा दिसतो. आमच्या घरावर एकाच उतारावर वेगवेगळे ठसे आहेत. वादळात फुटलेली, माकडांनी फोडलेली, शेजारच्या पडलेल्या घरावरून आणलेली कौलं त्या ठशांवरून वेगळी काढता येतात. घरातल्या आजींनी प्रत्येक तुकड्याला एक प्रसंग जोडून दिला. मग कधीतरी मागच्या बाजूला आरसीसीची एक खोली झाली, आणि तिच्यावर सपाट स्लॅब. लगेच त्या स्लॅबवर काठ्या रोवून लुंगता, म्हणजे प्रार्थनेच्या पताका, बांधल्या गेल्या. तीस वर्षं हरवलेली गच्ची सिमेंटनं परत आणली. स्लॅब गळतो, तरी कौलारू भागापेक्षा घरात मान त्याला जास्त.

त्या मागच्या खोलीत आता चोशम आहे, देव्हारा. रोज सकाळी सात वाट्यांत पाणी भरायचं, संध्याकाळी उपसून वाट्या पालथ्या घालायच्या. वाट्या एकीला एक चिकटू द्यायच्या नाहीत, फार दूरही ठेवायच्या नाहीत. गव्हाच्या दाण्याएवढं अंतर राखायचं. मूळच्या दोन खोल्यांत देव्हाऱ्याला वेगळी जागाच नव्हती. तिबेटहून पाठीवर आणलेली छोटी मूर्ती पत्र्याच्या ट्रंकेवर असे, आणि झोपताना तिच्याकडे पाय होऊ नयेत म्हणून सगळं कुटुंब आडवं झोपे. हे समजलं तेव्हा त्या पुढच्या खोलीची अरुंद, लांबट मांडणी आम्हाला पहिल्यांदा नीट दिसली. स्वयंपाकघरात दोंगमो, लोणी-चहा घुसळण्याची लाकडी नळी, भिंतीला टेकून आहे. चहा मात्र मिक्सरमध्ये घुसळला जातो, त्यासाठीचं वेगळं भांडं आहे आणि त्याला दुसरं काही लावलेलं चालत नाही. ओसरीला लोखंडी जाळी आली ती मुलं मोठी होऊन हिवाळ्यात घर बंद राहायला लागलं तेव्हा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कर्ती माणसं स्वेटरच्या धंद्याला बाहेरगावी जातात, मागे म्हातारी माणसं उरतात किंवा कुलूप. लोसारला, तिबेटी नववर्षाला, जाळी पुन्हा उघडते.

एकाच छपराखाली कायदाही तीन थरांत राहतो. आजी-आजोबा निर्वासित, नोंदणीचा दाखला नियमित नवा करून घेणारे. त्यांची मुलं १९५० ते जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली, म्हणून जन्मानं भारतीय नागरिक. ही गोष्ट दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१०च्या निकालानंतर तिबेटींच्या बाबतीत ठसठशीतपणे पुढे आली. त्यानंतर जन्मलेली भावंडं पुन्हा नोंदणीच्या दाखल्यावर. म्हणजे ८५ सालचा मोठा भाऊ पासपोर्ट मागू शकतो आणि ८९ सालच्या धाकटीला आणखी एखादा कागद लागतो. नागरिकत्व घ्यावं का, यावर घरात एकमत नसतं. घेतलं म्हणजे परत जाण्याचा दावा सोडला, असं जुन्यांना वाटतं. नवे वेगळा हिशेब मांडतात. आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या आणि यावर निवाडा दिलेला नाही. तो द्यायचा आमचा अधिकारही नाही.

हे आत्ताच लिहायची घाई का, तर पहिल्या पिढीतले थोडेच उरलेत. ज्यांनी झाडं तोडली त्यांचे आवाज दर पावसाळ्यात कमी होतात. तरुण बंगळूरला, नाहीतर अमेरिकेला, कॅनडाला. निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या २००९च्या गणनेत भारतात ९४,२०३ तिबेटी होते. त्यानंतर आकडा उतरतच आहे. परदेशातून पैसा येतो आणि कौलारू घराच्या जागी दुमजली बंगला उठतो, किंवा पैसा येतो, माणूस येत नाही आणि कौलारू घर तसंच बसून राहतं. केंद्र सरकारच्या २०१४च्या तिबेटी पुनर्वसन धोरणानं राज्यांनी जमिनीचे भाडेपट्टे २० वर्षांसाठी करून द्यावेत असं म्हटलं. तेव्हापासून वसाहतीत एक नवी शक्यता बोलली जाते, की घर पक्कं करायला हरकत नाही. पक्कं करायचं म्हणजे आधी जुनं पाडायचं.

एका इशाऱ्याची गरज आहे. या वसाहतीची कथा कष्ट आणि यश अशी सांगण्याची पद्धत पडून गेली आहे. तिच्यात आजूबाजूची कन्नड गावं दिसत नाहीत. जंगल तोडण्याआधी त्यात गुरं चारणारे, लाकूडफाटा आणणारे कुणी होते. घरं बांधताना गवंडी बाहेरून आले, मक्याच्या शेतात आजही शेजारच्या गावांतले मजूर राबतात, आणि जुनी तिबेटी माणसं बाजारात सफाईनं कन्नड बोलतात. ज्या गवंड्यानं मागची खोली बांधली त्याची मुलाखत आम्हाला घरमालकिणीच्या मुलाखतीइतकीच महत्त्वाची वाटली. घर किती इंच खाली बसलंय आणि का, हे त्यालाच माहीत होतं.

पुस्तकाची मांडणी कालक्रमानं नाही, खोल्यांप्रमाणे आहे. वाचकानं ओसरीतून शिरावं आणि मागच्या दारानं बाहेर पडावं, अशी अपेक्षा. राजकीय घडामोडी लागतील तेवढ्याच येतात. मठांवर स्वतंत्र भाग नाही. त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि पुढेही जाईल. घरातल्या माणसांची नावं, कॅम्पचा क्रमांक आणि घराचा क्रमांक गाळला आहे, कारण कागदपत्रांच्या बाबतीत त्यांची स्थिती नाजूक आहे आणि एका पुस्तकासाठी कुणाच्या अर्जावर शेरा पडावा हे आम्हाला पटलं नसतं. तिबेटी शब्द लिहिताना मूळ लिपीतली अक्षरं जुळवण्यापेक्षा घरात ऐकू आले तसे लिहिले आहेत. जुन्या कॅम्पातला उच्चार ल्हासाचा नाही, आणि त्यात कन्नड मिसळली आहे. नकाशे फुटांत आहेत, गवंड्याच्या हिशेबानं. मूळ भिंत जाड रेघेनं, नंतरची तुटक रेघेनं. एखादी भिंत कधी पडली किंवा उभी राहिली यावर घरातल्या दोघांचं जिथे जुळलं नाही, तिथे दोघांनी सांगितलेली सालं शेजारी शेजारी दिली आहेत.